टाचेची साक्ष

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाच्या पेटीवर अडकवला, चष्मा कपाळावर सरकवला, परत नाकावर आणला आणि विचारलं, "आजी, किती उंचावरून पडलात?"

"बाथरूममध्ये घसरले," आजी म्हणाल्या.

"बाथरूममध्ये घसरून मनगट मोडतं. खुबा मोडतो. बहात्तराव्या वर्षी तर हक्काने मोडतो. टाचेचं हाड नाही मोडत. हे बघा." डॉक्टरांनी पेनाचं टोक फोटोवर टेकवलं. "वरून दाबल्यासारखं चपटं झालंय. चार तुकडे. माणूस उंचावरून सरळ पायांवर आदळला की टाच अशी होते. परांचीवरून पडलेल्या रंगाऱ्यांची येते अशी टाच माझ्याकडे. गेल्या महिन्यात एक चोर आला होता."

"चोर?" सून दचकली.

"तिसऱ्या मजल्यावर चढताना पाइपावरून निसटला. अगदी अशीच टाच."

आजींनी छताकडे पाहिलं. "स्टुलावरून पडले," त्या छताला म्हणाल्या.

"आई, आत्ता तर बाथरूम म्हणालात!"

"बाथरूममध्ये स्टूल होतं."

"केवढं?" डॉक्टरांनी विचारलं.

आजींनी पडल्या पडल्या पलंगाच्या कडेला हात धरून उंची दाखवली. डॉक्टरांनी मान हलवली. आजींनी हात थोडा वर नेला. डॉक्टरांनी पुन्हा मान हलवली. हात असा वर वर सरकत सलाइनच्या बाटलीपर्यंत पोचला तेव्हा सुनेला राहवेना. ती नकाशे काढायच्या ऑफिसात कामाला होती. मापात चूक तिला सहन होत नसे.

"आई, हे जवळजवळ पावणेदोन मीटर झालं. एवढं स्टूल आपल्याकडे कुठाय?"

"टेबलावर ठेवलं होतं."

"बाथरूममध्ये टेबल?"

"पंखा पुसायला."

"आई, आपल्या बाथरूमला पंखा नाहीये!"

"तोच तर शोधत होते. म्हणून तोल गेला ना."

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली. "आजी, मला तुमच्या घरच्या भानगडीत रस नाही. पण उंचावरून पडलेल्या माणसाची टाच मोडते तेव्हा तो दणका वर पाठीपर्यंत गेलेला असू शकतो. उंची खरी कळली तर काय काय तपासायचं ते मला कळेल. नाही कळली तर मी खालून एकेक हाड तपासत वर येणार."

"या," आजी म्हणाल्या.

आणि डॉक्टर आले. दुसरी टाच, घोटे, गुडघे, खुबे, पाठ, कंबर. त्या दुपारी आजींचे इतके फोटो निघाले की त्यांच्या लग्नातही तेवढे निघाले नव्हते. दर फोटोला "श्वास रोखा" म्हटलं की आजी ओठ घट्ट मिटून घेत, न जाणो श्वासाबरोबर खरं बाहेर पडलं तर!

खरं काय ते वाचकांना सांगायला हरकत नाही. फक्त सुनेच्या कानावर जाऊ देऊ नका.

घर पहिल्या मजल्यावर. मुलगा महिनाभर फिरतीवर, सून ऑफिसात, घरात आजी आणि दीड वर्षाची नात. नातीला सगळे ठमी म्हणत. आजी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या आणि ठमीने आतून दार लोटून खालची कडी लावली. कडी लावायला ती नुकतीच शिकली होती. काढायचा धडा अजून व्हायचा होता.

आजींनी आधी गोड हाक मारली. मग दटावलं. मग दाराच्या फटीला तोंड लावून गाणं म्हटलं. आतून डबे पडल्याचे, पातेलं फरफटत नेल्याचे आवाज येत होते तोवर त्या निर्धास्त होत्या. मग आवाज थांबले. दीड वर्षाचं मूल रडतंय तोवर ठीक, आदळआपट करतंय तोवर उत्तम. ते गप्प झालं की मोठ्या माणसाने धावायचं असतं. आजींनी शेजारी हाका मारून पाहिल्या. शेजारी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या आणि त्यात चारजण एकदम ओरडत होते. तिथे पाचवी कोणाला ऐकू जाणार!

आजींनी पंचवीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत शिकवली होती. पदर खोचून कठडा ओलांडणं, लोंबकळून खालच्या स्कूटर शेडच्या पत्र्यावर उतरणं, हे त्यांना जमलं. पत्र्यावरून जमिनीवर मारलेली उडीही जमली, असं त्यांचं आजही मत आहे. फक्त टाच मोडली. एका पायावर लंगडी घालत जिना चढून त्यांनी शेजारचं दार बडवलं. तिथे एक निवृत्त पोस्टमास्तर एकटेच राहत. घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असे. दार उघडलं तर ठमी चपलांच्या कपाटात, बापाच्या एकाच बुटात दोन्ही पाय घालून गाढ झोपली होती.

"पोस्टमास्तर," उंबऱ्यातच बसकण मारत आजी म्हणाल्या, "हे कुणाला कळता कामा नये. मी बाथरूममध्ये घसरले."

"बाई, पस्तीस वर्षं पोस्टात काढली. दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही."

एवढी लपवाछपवी कशासाठी, तर पाळणाघरासाठी. सून हल्ली आठवड्यातून एकदा तरी म्हणे, "आई, तुमची फार दगदग होते. ठमीला पाळणाघरात घालू या का?" ती म्हणे प्रेमाने, आजींना ते ऐकू येई बडतर्फीसारखं. सकाळी सून गेल्यापासून संध्याकाळी परत येईपर्यंत ठमी आजींची होती. ती आपल्याला गॅलरीत कोंडू शकते आणि आपण चोरासारख्या पत्र्यावरून उड्या मारतो, हे सुनेला कळलं की दुसऱ्या दिवशी ठमी पाळणाघरात. आजींना चार तुकड्यांची टाच परवडत होती, हे परवडत नव्हतं.

पाय इतका सुजला होता की तो आजींचा वाटेना. डॉक्टरांनी तो तीन उशांवर चढवला आणि सांगितलं, "आता वाट बघायची. ऑपरेशन करायचं ठरलं तरी लगेच नाही. सूज उतरून टाचेच्या कडेला सुरकुत्या दिसायला लागल्या की मगच."

"सुरकुत्या हव्यात?" आजी म्हणाल्या. "मग थांबताय कशाला? ही मान बघा, हे हात बघा. हव्या तितक्या घ्या."

"टाचेवरच्याच लागतील, आजी."

"आयुष्यभर कुणी मागितल्या नाहीत. आता मागितल्या तर नेमक्या तिथेच नाहीत."

सुनेने पंधरा दिवसांची रजा काढली. रोज सकाळी ठमीला कडेवर घेऊन ती खोलीत येई आणि नकाशा तपासावा तशी टाच तपासे. तिरक्या उजेडात, एक डोळा मिटून. ठमीला तो पाय फार आवडला. उशांच्या डोंगरावरचा तो गुलाबी भोपळा बघून ती टाळ्या वाजवी आणि त्याला हात लावायला झेपावे. तेवढ्यासाठी सिस्टरने पलंगाला पडदा लावला.

तिसऱ्या दिवशी खरा गोंधळ झाला.

डॉक्टर मोठा रिपोर्ट घेऊन आले. "आजी, आता ठरवायचंय. ऑपरेशन की नुसतं प्लास्टर? वय झालं की कातडी पातळ होते, टाचेवरची जखम भरायला फार कटकट करते. साखर आहे?"

"नाही."

"विडी-सिगारेट?"

"डॉक्टर!"

"विचारावं लागतं. प्लास्टर घातलं तर हाड जुळेल, पण असंच चपटं जुळेल. टाच रुंद होईल, खाचखळग्यांतून चालताना दुखेल. घरातल्या घरात फिरायला मात्र पुरेल. ऑपरेशन करून हाड वर उचललं तर पाय कामाचा राहील. म्हणून मी वय बघत नाही, माणूस काय काय करतो ते बघतो. घरात काय काम असतं ह्यांना?"

प्रश्न सुनेकडे बघून विचारला होता. आणि चार लोकांत हा प्रश्न विचारला की घरंदाज सून जे उत्तर देते तेच तिने दिलं, तेही अभिमानाने.

"काही नाही हो, डॉक्टर. आम्ही त्यांना काडीचं काम करू देत नाही. बसल्या जागी सगळं हातात देतो."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. आजींनी मान उंचावून वाचलं: 'बैठी दिनचर्या. प्लास्टर?'

"खोडा ते!" आजी ओरडल्या. "कोण बसून असतं? पहाटे उठते, पाणी भरते, मशीन लावते, ठमीला न्हाऊमाखू घालते, बागेत नेते, तिथून उचलून आणते—"

"आई, काहीतरी काय सांगताय!" सून लाल झाली. सासूला राबवते म्हणून डॉक्टर काय म्हणतील! "डॉक्टर, हे सगळं मीच करते. त्या फक्त... असतात."

"असतात?" आजींचा आवाज चिरकला. "मी फक्त असते? दिवसाला चाळीस वेळा हिच्यामागे पळते ती कोण?"

"तुम्ही बसल्या बसल्या लक्ष ठेवता, आई."

"दीड वर्षाच्या पोरावर बसल्या बसल्या कुणी लक्ष ठेवलंय आजवर? तू ठेवून दाखव!"

डॉक्टर पेन हवेत धरून इकडून तिकडे बघत होते. एकीच्या हिशोबाने बाई धावपटू होती, दुसरीच्या हिशोबाने देव्हाऱ्यातली मूर्ती. "मला जरा पुरावा मिळाला तर—" ते म्हणाले, आणि त्याच क्षणी पडदा बाजूला सारून पोस्टमास्तर आत आले. हातात सफरचंदांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडात तीन दिवस जपून ठेवलेलं वाक्य. बाथरूमचं स्टूल झालं होतं हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

"काय हो बाई, कशा आहात?" खाटेजवळ येऊन ते मोठ्याने म्हणाले, "फारच वाईट घसरलात बाथरूममध्ये!"

"स्टुलावरून पडल्या त्या," सून म्हणाली.

"छे छे. घसरल्या. मी स्वतः पाहिलं."

सिस्टरने थर्मामीटर झटकायचं थांबवलं.

"तुम्ही पाहिलं?" सून म्हणाली. "बाथरूममध्ये?"

पोस्टमास्तरांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. "म्हणजे... आत नव्हतो मी. बाहेरून पाहिलं."

"बाहेरून!"

"अगं, खिडकीतून नाही! दारातून. म्हणजे दार उघडं नव्हतं... बाई, तुम्हीच सांगा ना!"

डॉक्टरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर कागद धरला. सिस्टरने पडदा नीट ओढला, आणि स्वतः आतल्या बाजूला राहिली. पोस्टमास्तर घामाघूम होऊन सफरचंदांच्या पिशवीआड जेवढे मावतील तेवढे उभे होते. पस्तीस वर्षांत ज्यांच्या नावावर एक पोस्टकार्ड गहाळ झालं नव्हतं, त्यांची अब्रू चाळीतल्या नळासारखी भर दुपारी वाहून चालली होती.

आजींनी डोळे मिटले. ठमी गेली तर गेली, पण भल्या माणसावर हे बालंट नको.

"मी गॅलरीतून उडी मारली," त्या म्हणाल्या.

आणि मग सगळं सांगितलं. कडी, गाणं, थांबलेला आवाज, कठडा, पत्रा. सांगताना त्या सुनेकडे बघत नव्हत्या. पांघरुणाच्या काठाच्या घड्या घालत होत्या.

"पत्र्यावरून जमीन किती खाली?" डॉक्टरांनी विचारलं.

"दोन मीटर दहा," सून पुटपुटली.

"आणि उतरलात कशा, आजी?"

आजींनी आवाज खाली आणला. ह्याचीच त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटत होती. "टाचांवर. पंचवीस वर्षं पोरींना सांगितलं, चवड्यांवर उतरा, गुडघे वाकवा. आणि ऐन वेळी धोंड्यासारखी टाचेवर आले. कुणाला सांगू नका."

डॉक्टरांनी 'बैठी दिनचर्या' वर आडवी रेघ मारली, कागद फाटेल इतकी जोरात. "बहात्तराव्या वर्षी कठडा ओलांडणाऱ्या बाईला मी चपटी टाच घेऊन घरी पाठवणार नाही. सुरकुत्या आल्या की ऑपरेशन."

आजी जिंकल्या होत्या. पण ठमीला छातीशी धरून सून खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"बोल काय ते," आजी म्हणाल्या. "पाळणाघरच ना? मला कळतं. माझ्या भरवशावर टाकावी अशी नाहीच ती आता. पण ती पाचएक मिनिटं गप्प होती गं आत. मला उभं राहवेना."

सून वळली तर तिचे डोळे भरलेले. पोस्टमास्तरांना वाटलं, अजून आपल्यावरच संशय आहे. ते कळवळून म्हणाले, "अगं, मी गुपित फोडणारा माणूसच नाही. तुझं फोडलं का मी आजवर?"

"हिचं कसलं गुपित?" आजी ताडकन म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी जीभ चावली. आपण दुसरंही पाकीट फोडलं हे त्यांच्या ध्यानात आलं.

"आई," सून म्हणाली, "तुम्ही पडायच्या आधीच्या रविवारी तुम्ही भाजीला गेला होतात ना. ठमीने मला कोंडलं होतं. तिथेच. काकांना किल्ली सापडेपर्यंत मला धीर निघेना. त्यांनी आधी शेडवर शिडी लावून दिली, गाऊनमध्ये उतरले मी. काकांना म्हटलं, आईंना सांगू नका."

"का गं?"

"तुम्ही म्हणाल, पोर सांभाळता येत नाही आणि नोकरी करायला निघाली. म्हणाल, सोड नोकरी." तिने नाक पुसलं. "मी तेव्हाच सांगितलं असतं तर कडी वर गेली असती. तुमची टाच माझ्यामुळे मोडली, आई."

आजींचं पोट हलायला लागलं. मग खाट हलायला लागली. तीन उशांवरचा पाय हलला तसा त्या कळवळल्या, आणि कळवळता कळवळता आणखी हसल्या. "गाऊनमध्ये! शिडीवरून! आणि मी तुझ्या भीतीने बाथरूमला पंखा लावला गं!" सून रडता रडता हसू लागली. ठमीला कारण लागत नसे, तीही हसली. पोस्टमास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला आणि रुग्णासाठी आणलेलं सफरचंद स्वतःच खायला घेतलं.

नवव्या दिवशी सकाळी सुनेने तिरक्या उजेडात एक डोळा मिटला आणि किंचाळली. सिस्टर धावत आली.

"आल्या! चार आहेत! नाही, पाच!"

टाचेच्या कडेला, रेशमी कापड चुरगळावं तशा पाच बारीक सुरकुत्या. आजींच्या चेहऱ्यावर तेवढ्याच वेळात हसून आणखी दहा पडल्या.

ऑपरेशन पाठीत इंजेक्शन देऊन झालं, त्यामुळे आजी कंबरेखाली गायब आणि कंबरेवर पूर्ण हजर होत्या. मोठा छेद नको म्हणून डॉक्टरांनी दोन-तीन छोट्या भोकांतून काम केलं. खचलेलं हाड उचललं आणि स्क्रूंनी धरून ठेवलं. ड्रिलचा आवाज आला तेव्हा पडद्यामागून आजी म्हणाल्या, "डॉक्टर, भिंतीत खिळा मारताय का?"

"जवळजवळ तसंच."

"मग सरळ मारा. आणि पाठ ताठ ठेवा. वाकून उभे राहता तुम्ही, मघाशीच बघितलं मी." डॉक्टर ताठ उभे राहिले. त्यांच्यामागे असिस्टंटही. सिस्टर सांगत होती की टाके घालीपर्यंत थिएटरात कुणी खांदे पाडले नाहीत.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी शेवटचा नियम सांगितला. "जखम छान आहे. पण हा पाय बारा आठवडे जमिनीला टेकवायचा नाही. बसून राहायचं, पाय वर."

बारा आठवडे! सुनेची रजा दुसऱ्या दिवशी संपत होती. आजींनी मनातल्या मनात तीन वेळा हिशोब केला, तिन्ही वेळा उत्तर पाळणाघर आलं. त्यांनी पाठ ताठ केली. "घाल तिला पाळणाघरात," त्या म्हणाल्या. "मला काही वाटणार नाही." आणि भिंतीकडे तोंड केलं.

"काल जाऊन आले मी," सून पलंगाच्या कडेला बसत म्हणाली. "आपल्याच गल्लीत, तळमजल्यावर. एक बाई आणि अकरा पोरं. बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. मी तुमच्याबद्दल सांगितलं. त्यांनी विचारलं, 'अकरा पोरांना एका ओळीत उभं करणारं कुणी नुसतं खुर्चीत बसून मिळालं तर देव पावला. येतील का त्या?'"

भिंतीकडचं तोंड हळूच इकडे वळलं. "कोण?"

"तुम्ही. काका सकाळी चाकाच्या खुर्चीतून सोडतील, मी संध्याकाळी आणीन. ठमी तुमच्या मांडीवर." तिने पिशवीतून दोन अर्ज काढले. "बाईंकडे एकच छापील अर्ज असतो, आई. मोठ्या माणसांसाठी वेगळा नाही. तोच भरावा लागेल."

"भर," आजी म्हणाल्या. आवाज जरा ओला होता, म्हणून त्यांनी लगेच हुकमी केला. "अक्षर नीट काढ."

सुनेने मांडीवर फाइल घेतली आणि दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले. 'दुपारी झोप लागते का?' दोन्हीकडे 'हो'. 'हट्टी आहे का?' दोन्हीकडे 'हो'. आजींनी हरकत घेतली, ती नोंदवली गेली नाही. 'अनोळखी माणसांत रडते का?' ठमीच्या अर्जावर 'थोडा वेळ', आजींच्या अर्जावर 'समोरच्यांना रडवते'.

शेवटचा रकाना होता, 'चालता येतं का?'

ठमीच्या अर्जावर सुनेने लिहिलं, 'पळते'. मग दुसरा अर्ज पुढे ओढला, जरा विचार केला आणि मापात चूक नको म्हणून नेमकं लिहिलं: 'अजून नाही. बारा आठवड्यांनी चालू लागेल.'